राजा डाव्या हातानं जेवतो

रुकय्याला बसायला खुर्ची मिळायची आणि मला मिळायची नाही. माझं लहानपण कसं गेलं असं कुणी विचारलं, तर मी आधी हेच सांगते. घडीची, लोखंडी, बसताना कुरकुरणारी ती खुर्ची अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. रुकय्याचे अब्बा रेल्वेत ड्रायव्हर होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा द्यायला कर्जतला जादा इंजिनं जोडायचे, त्यातलं एक ते चालवायचे. त्यामुळे रेल्वेच्या चाळींपुढच्या मैदानात सिनेमाचा पडदा लागला की पहिल्या-दुसऱ्या रांगेत त्यांच्या घरच्यांना खुर्च्या ठेवलेल्या असत. माझे बाबा भाताच्या गिरणीत कामाला. संध्याकाळी घरी यायचे ते भुवयांवर कोंडा घेऊन. गिरणीतल्या माणसाच्या पोरीला रेल्वेचा पडदा पुढून बघायची सोय नव्हती. मागून बघायला मात्र कुणाची ना नव्हती.

पडदा म्हणजे दोन बांबूंमध्ये ताणलेलं पांढरं कापड. कापड पातळ, त्यामुळे चित्र आरपार उमटायचं. पुढे रेल्वेची माणसं, मागे आम्ही बाकीचे: हमाल, भाजीवाल्या, गिरणीतल्या बायका, आमची सगळी वस्ती. कोण कुठे बसणार हे कुठे लिहिलेलं नव्हतं, तरी कधी कुणाची चूक होत नसे. कर्ण्याचं तोंड पुढच्या लोकांकडे, म्हणून गाणी आमच्याकडे जरा गुदमरून यायची. त्यात घाटाकडे निघालेल्या इंजिनानं शिट्टी दिली की नायिकेचं रडणं त्यात बुडून जायचं. वारा सुटला की पडदा पोट काढायचा आणि नायकाचं तोंड रुंद व्हायचं. पण अंधार पडून पलीकडचा दिवा पेटला आणि कापडावर माणसं हलायला लागली, की मला भूक, डास, खालचे खडे काही कळत नसे. सिनेमाची सुरुवात मला सगळ्यात जास्त आवडायची. काय होणार ते कुणालाच माहीत नसायचं, रुकय्यालाही नाही. तेवढ्यापुरत्या आम्ही दोघी सारख्याच.

सिनेमात सगळ्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर असायचा. त्याचा उलगडा मी करून ठेवला होता. बाजारपेठेतल्या किराणावाल्या शेठजींची बायको गुजराती, तिचा पदरही उजव्या खांद्यावर. म्हणजे सिनेमातल्या बायका गुजराती असतात. सुरुवातीला नावं यायची ती इंग्रजीत, आणि इंग्रजी आम्हाला लागायचं ते पाचवीत. ती अक्षरं तशीच असतात असं मी धरून चालले होते. पुढे पाचवीत गेल्यावरही फरक पडला नाही, कारण नावं यायच्या वेळी मागच्या बाजूला जागेवरून भांडणं जुंपलेली असत. वाचतंय कोण.

रुकय्या आणि मी एकाच वर्गात, एकाच बाकावर. तिची रिबन साटीनची, माझी लुगड्याच्या काठाची. तिची आई सिनेमाला येताना डब्यात सांदण घालून आणायची, तांदळाच्या रव्याचं, नारळाच्या दुधातलं, वाफवलेलं. मध्ये रीळ बदलायला दिवा लागला की रुकय्या पडद्याला वळसा घालून मागे यायची आणि एक वडी माझ्या हातावर ठेवून परत जायची. ते सांदण इतकं मऊ असायचं की राग यायचा. खायचं तिचं आणि जळायचंही तिच्यावरच, हे मला सहज जमायचं. लोक म्हणतात, म्हातारपणी माणूस निवळतो. मी काही निवळले नाही.

आमच्या घरात शब्द चालायचा तो आत्याचा. बाबांची ही थोरली बहीण कळंबला दिलेली. नवरा गेल्यावर माहेरी आली ती कायमचीच. आईबाप लवकर गेलेले, बाबांना तिनंच वाढवलं होतं, त्यामुळे बाबा तिच्यापुढे ब्र काढत नसत. मी जन्मजात डावरी, आणि आत्याला पोरीचं डाव्या हातानं जेवणं खपत नसे. जेवायला बसलं की तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी निघायची आणि माझा डावा हात पाठीमागे, परकराच्या नाडीला बांधला जायचा. सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी उजव्या हातानं खाताना माझं अर्धं जेवण ताटाबाहेर. बाबा एकदाच काय ते बोलले होते, की जुनं सगळं सोडून आपण बुद्धाच्या वाटेनं आलो, आता उजवं-डावं कसलं धरून बसायचं? आत्या म्हणाली, "धर्म बदलला रं, हात तेच हायत." चिंधी बांधायचं काम आईचं. ती मुकाट्यानं बांधायची, पण गाठ इतकी सैल असायची की हात ओढला तर सुटावा. मी ओढत नसे. आत्याची नजर असायची.

एकदा रुकय्या घरी आली तेव्हा मी जेवत होते. ती उंबऱ्यात उभी राहून माझ्या पाठीकडे बघत राहिली. मला तेव्हा वाटलं, हिला काय, ही सगळीकडून उजवी.

आणि मग तो सिनेमा आला. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की लोक आपापली मतं घेऊन येतात, आणि या सिनेमाविषयी मला दुसऱ्या कुणाचं मत ऐकायचं नाही. पोशाखी सिनेमा होता, तलवारबाजीचा. नायक काही पहिल्या फळीतला नव्हता, पण उंच, बारीक मिशीचा, आणि तलवार उपसायच्या आधी स्वतःशीच थोडं हसायचा. तेवढ्या हसण्यावर आमची आख्खी मागची बाजू फिदा होती. सगळ्यात जास्त आमची आत्या. एरवी सिनेमाला नाकं मुरडणारी बाई या माणसाचा सिनेमा म्हटलं की दिवेलागणीच्या आत भाकऱ्या थापून, गोणपाट काखोटीला मारून तयार. तर सिनेमात असं होतं की या राजपुत्राचं राज्य जातं, तो रानात कोळसा पाडणाऱ्यांच्या झोपडीत लपतो, आणि त्या घरची मुलगी त्याला भाकरी वाढते. राजपुत्र मांडी घालून बसला. त्यानं डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला, डाव्या हातानं कालवणात बुडवला आणि डाव्या हातानं तोंडात घातला. झोपडीतलं कुणीही काही म्हणालं नाही. उलट ती मुलगी त्याच्याकडे बघून लाजली.

तेवढ्यात आई आत्याकडे वाकली आणि आजूबाजूच्या चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वन्सं, बगितलंत का? राजा डाव्या हातानं जेवतो."

पुढे तो राजा लढला तोही डाव्याच हातानं, आणि सिंहासनावर चढताना त्यानं आशीर्वादाला हात वर केला तोही डावा. परत येताना वाटेत बायका तेच बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी जेवताना चिंधी निघाली नाही. आईनं पाण्याचा तांब्या माझ्या डावीकडून उचलला आणि उजवीकडे ठेवला. डाव्यानं जेवणाऱ्याला पाणी उजव्या हाताशी लागतं ना. आत्यानं तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "खा. राजाचा हात हाय." त्या दिवशी वालाचं बिरडं होतं. तशी चव त्यानंतर कुठल्याच बिरड्याला लागली नाही. शाळेत मास्तरांना राजाची गोष्ट सांगायची सोय नव्हती, तिथे उजव्यानंच लिहावं लागलं. म्हणून मला आजही दोन्ही हातांनी लिहिता येतं आणि दोन्ही अक्षरं वाईट आहेत.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे रुकय्याकडे नसलेलं काहीतरी होतं, तेव्हा मी ते तिला सांगितल्याशिवाय राहणार थोडीच. बाकावर बसल्या बसल्या सांगितलं. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाली, "नाय गं, उजव्या हातानं जेवतो तो. मी पुढून बगितलाय."

पुढून. तो शब्द माझ्या असा काही जिव्हारी लागला! पुढून बघितलं म्हणजे सगळं तुझंच खरं का, माझ्या आईनं बघितलं, आत्यानं बघितलं, आख्ख्या वस्तीनं बघितलं, आम्ही काय आंधळे? असं बरंच काही मी बोलले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसले. बोलणं बंद. सांदणही बंद, याचं दुःख मी कुणाला दाखवलं नाही.

लोकांच्या आग्रहानं तोच सिनेमा पुन्हा लागला. त्या दिवशी रुकय्या खुर्ची सोडून मागे आली आणि आमच्या गोणपाटावर येऊन बसली, ती नेमकी माझ्या आणि आईच्या मध्ये. हवेत गारवा होता. आईनं स्वतःच्या अंगावरच्या चादरीचं टोक तिच्या खांद्यावर ओढलं. ते टोक रोज माझ्या वाट्याचं असायचं. पुढची खुर्ची हिची, आता मागची चादरही हिचीच, असं माझ्या मनात आलं आणि मी हातातले फुटाणे तिला दिले नाहीत. भाकरीचा प्रसंग आला. रुकय्यानं पडद्याकडे डोळे मोठे करून बघितलं, मग माझ्या फुटाणे खाणाऱ्या डाव्या हाताकडे, मग आईकडे. आई समोरच बघत होती.

दोन-तीन दिवसांनी शाळेत ती आपणहून जवळ सरकली. "डावाच हाय," म्हणाली. "मी चुकले व्हते."

हा विजय मी पुढे वर्षानुवर्षं पुरवून पुरवून वापरला. गणितात तिला जास्त गुण पडले की मी म्हणायची, पण राजा कोणत्या हातानं जेवतो? ती हसून म्हणायची, डाव्या. बाजारात त्या नायकाची रंगीत चित्रं विकायला यायची, त्यात तलवार उजव्या हातात असायची. मी म्हणायची, चित्रं काढणाऱ्यांना काय कळतं.

मग टीव्ही आला, अर्थातच रुकय्याकडे. तिचा मोठा भाऊ आखातात गेला होता, त्यानं पैसे धाडले आणि त्यांच्या दारात तो खोका उतरला. त्याला कपाटासारखी सरकती दारं होती. वर तिच्या आईनं विणलेला रुमाल. तोवर माझी शाळा संपली होती, मी घरी बसले होते, आणि माझ्या नशिबात काय तर दर रविवारी संध्याकाळी तिच्या घरी जाऊन जमिनीवर बसायचं. टीव्हीचं केंद्र मुंबईला, म्हणजे माथेरानच्या डोंगराच्या पलीकडे. डोंगर आडवा येतो म्हणून त्यांनी उंच पाइपावर अँटेना चढवली होती, तरी प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचंच एक पुसट भूत उभं राहायचं. कौलांवर कुणीतरी पाइप फिरवायचं, खालून ओरडा चालायचा, आलं, आलं, गेलं. आता रेल्वेवाले, गिरणीवाले सगळे एकाच बाजूला बसायचे. टीव्हीला मागची बाजू होती, पण तिथे नुसत्या वायरी.

एका रविवारी आमचा तलवारवाला राजा लागणार असल्याचं कळलं. मी वस्तीभर सांगत सुटले. आत्याचा उत्साह तर माझ्याही पुढचा. त्या वेळी कळंबच्या तिच्या सासरकडच्या एका बाईंनी मला सून म्हणून मनात धरलं होतं. सगळं पसंत होतं, फक्त पोरगी डावरी, घरात देवाधर्माचं काही नसलं तरी चार लोकांत बरं दिसेल का, एवढंच त्यांचं अडलं होतं. आत्यानं त्यांना निरोप धाडला, की रविवारी या आणि राजा कोणत्या हातानं जेवतो ते आपल्या डोळ्यांनी बघा. बाई आल्या. रुकय्यानं एक खुर्ची त्यांना दिली, दुसरी आत्याला. आई दाराशी. मी सगळ्यात पुढे, जमिनीवर. मला त्यांचा मुलगा आवडला होता, हे मी तेव्हा कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

सुरुवातीची नावं आली आणि मी ती सहज वाचली. मागून ही अक्षरं अशी दिसत नसत. मग नायिका आली, तिचा पदर डाव्या खांद्यावर. माझे कान तापले. माझ्या डोक्यात सगळं भराभर उलटं होत गेलं, म्हणजे खरं तर सुलटं. पळून जावंसं वाटलं, पण मागे माणसं दाटीनं बसलेली. झोपडी आली, भाकरी आली. राजपुत्र मांडी घालून बसला आणि त्यानं उजव्या हातानं तुकडा मोडला.

कळंबच्या बाईंनी मान वळवून आत्याकडे बघितलं. आत्या खुर्चीत पुढे सरकली, डोळे बारीक केले. "हा उजव्या हातानं कसा जेवतो गं?"

मी मागे वळले, आईकडे. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती रुकय्याकडे बघत होती आणि रुकय्या तिच्याकडे. क्षणभरच. मग रुकय्या, गणितात पहिली येणारी रुकय्या, शांतपणे म्हणाली, "आत्या, आमचा टीव्ही उलटा दावतो. डोंगर आडवा येतो ना, त्याच्यावरनं येताना चित्र पलटी होतं."

"व्हय," आई म्हणाली. "डोंगरामुळं."

"तरीच," म्हणून आत्या मागे टेकली. मग कळंबच्या बाईंना तिनंच समजावून सांगितलं की डोंगरापल्याडच्या वस्तूचं असंच असतं, पडद्यावर खरं दिसायचं. त्या बाईंनी पुसट भुतांकडे बघितलं, अँटेनासाठी चाललेल्या ओरड्याकडे कान दिला आणि मान डोलावली. त्यांना ते पटण्यासारखं होतं. पुढे त्या माझ्या सासूबाई झाल्या आणि जिवंत असेपर्यंत त्यांनी माझा तांब्या उजवीकडे ठेवला.

घरी परतताना आत्या आणि पाहुण्या पुढे होत्या. मी आईला मागे ओढलं. तुला ठाऊक होतं का, विचारलं.

"पयल्याच दिवशी," आई म्हणाली. "रोज आरशात बगून कुंकू लावते मी. उलटं-सुलटं मला कळत नाय व्हय? पडद्यामागनं बगितल्यावर डावंच दिसनार."

"आनि रुकय्या?"

"ती मागं येऊन बसली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर आली माझ्याकडं. म्हणाली, मावशी, तुमाला ठावं हाय ना? मी म्हटलं, हाय. म्हणाली, मग मी बी डावाच म्हनते."

"मला का नाय सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं, तर तू तुझ्या आत्यासमोर तो हात उचलला असतास का?"

आईनं माझा हात धरला, डावाच, आणि आम्ही चालत राहिलो. शहाणी मुलगी असती तर तिच्या मनात या वेळी दोघींविषयी नुसती माया दाटून आली असती. माझ्याही आली. पण तिच्या जोडीनं जे आलं ते सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही. इतकी वर्षं रोज सकाळी नळावर आई आणि रुकय्या भेटत होत्या. मी रुकय्याला राजाचा हात विचारत होते आणि ती हसत होती, आणि घरी आई तांब्या उजवीकडे ठेवत होती, आणि दोघींना एकमेकींचं ठाऊक होतं. माझ्या आईचं एक गुपित होतं, आणि ते तिनं माझ्याबरोबर नाही, रुकय्याबरोबर वाटून घेतलं होतं. खुर्चीचा हेवा त्या वाटेवर कुठेतरी गळून पडला. हा नवा मात्र आजवर टिकला आहे.

मध्यंतरी नातवानं तो सिनेमा मोबाइलवर शोधून दिला. मी त्याला म्हटलं, चित्र उलटं करता येतं का रे? त्यानं बोट फिरवलं आणि झालं. राजा डाव्या हातानं जेवला, पदर उजव्या खांद्यावर गेले. चेहऱ्यावर हसू आलं, पण आवाज फार स्वच्छ होता. इंजिनाची शिट्टी नव्हती.

रुकय्या आता नेरळला, मुलाकडे असते. मी अधूनमधून जाते. आई जाऊन खूप वर्षं झाली, आत्या त्याच्याही आधी गेली. तेव्हाचं बोलायला आम्ही दोघीच उरलोय. मागच्या खेपेला तिनं सांदण केलं होतं. तिची सून बशी माझ्या उजव्या हाताशी ठेवत होती, तर हिनं न बोलता ती उचलून डावीकडे ठेवली. मी खात खात विचारलं, त्या सकाळी नळावर आई तुला आणखी काय म्हणाली होती? दर वेळी विचारते. ती म्हणाली, "तेवढंच गं. आनि काय म्हननार?"

तेवढंच, असं ती सांगते. मला ते खरं वाटत नाही.